डब्यावरचे बाबा

बाई उन्हातून पायऱ्या चढून आली होती आणि चिडलेली होती. दुकानाच्या दारातच तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा एक डबा काढला, त्यातली फणी बाहेर घेतली आणि माझ्या कामाच्या बाकावर आपटली. लाकडी फणी, तीन दाते मुळापासून तुटलेले. ती तिच्या भाषेत भराभर बोलत होती. मला त्यातलं निम्मंच कळलं. पण तुटकी वस्तू घेऊन आलेलं गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळायला भाषा कशाला लागते.

"ही आमची नाही," मी म्हणाले. हातानेही सांगितलं, नाही. आमची एक फणी उचलून तिच्या फणीशेजारी ठेवली. बघा म्हटलं, दोघींत काही नातं दिसतंय का.

तिने डबा फिरवला, झाकणावर बोट टेकवलं आणि मग तेच बोट माझ्या पाठीमागे, खिडकीशी कानस चालवत बसलेल्या बाबांकडे रोखलं.

झाकणावर बाबा होते. नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावरची आडवी शीर, हातात आमची दोन पात्यांची करवत. फोटो छान आला होता, तेच तर खुपलं. खाली चार भाषांत छापलं होतं: तीन पिढ्यांचं हातकाम.

बाई वाट बघत उभी. तिच्या दृष्टीने मामला सरळ होता: फणी या म्हाताऱ्याने केली, फणी मोडली, म्हातारा समोर बसलाय. शेवटी मी आमची फणी फडक्याने पुसली आणि तशीच, पैसे न घेता, तिच्या हातात ठेवली. तिने दात्यांवरून नख फिरवलं, जरा निवळली, आणि जाताना बाबांचा एक फोटो काढून गेली.

एवढं सगळं होईतो बाबांनी मान वर केली नव्हती. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांचा डावा कान तसाही नावापुरताच आहे.

आमच्या घरात फण्या करतात. आजोबा करायचे, बाबा करायचे, आता मी करते. घरातली मी मोठी, म्हणून बाबांसकट सगळी गल्ली मला थोरलीच म्हणते. काम सांगायला सोपं आहे. लाकूड दोन वर्षं सावलीत वाळवायचं. दात्याच्या लांबीत तंतू येतील अशीच फळी कापायची, कारण दाता आडव्या तंतूत पडला की पहिल्याच गुंत्यात मोडणार. मग दाते पाडायचे. आमच्या करवतीचं एक पातं दाता कापतं आणि दुसरं पुढच्या दात्याची खूण करतं, त्यामुळे अंतर चुकत नाही. चुकला तर हात चुकतो. नंतर एकेका दात्याच्या दोन्ही कडा कानशीने गोल करायच्या, चामड्याच्या पट्टीने घासायच्या, आणि फणी आठ दिवस जवसाच्या तेलात बुडवून ठेवायची. दिवसाला चार होतात. अंगात आलं तर पाच. बाबा पूर्वी सहा करायचे. दोन वर्षांपासून त्यांची बोटं थरथरतात, करवत धरवत नाही. ते कडा गोल करतात आणि मी पाडलेल्या दात्यांना नावं ठेवतात.

आमची गल्ली म्हणजे टेकडीवरच्या जुन्या बुरुजाकडे चढत जाणाऱ्या दोनशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना मिळून अकरा दुकानं. टोपल्या, पितळी घंटा, मातीचे प्याले, शाली, आणि आम्ही. पर्यटकांची बस खाली थांबते आणि त्यांना पाऊण तास मिळतो. बुरूज बघायला वीस मिनिटं, फोटोंना दहा. उरलेली पंधरा मिनिटं काचवाल्याची.

काचवाल्याचं दुकान बसथांब्यासमोर, पुढून सगळी काच. आतमध्ये टोपल्या आहेत, घंटा आहेत, प्याले, शाली, फण्या, सगळं आहे. सगळं कुठल्या तरी कारखान्यातून खोक्यांत भरून येतं. पण लोक तिथे जातात ते आधी वेगळ्याच कारणासाठी. अख्ख्या टेकडीवर स्वच्छ संडास फक्त त्याच्याकडे आहे. तो फुकट आहे. बाहेर यायची वाट मात्र दुकानातून.

आणि बस घेऊन येणारा गाइड. लाल छत्री उंच धरून चालतो म्हणून आम्ही त्याला छत्रीवाला म्हणतो. काचवाल्याकडे जे विकलं जातं त्यात त्याचा वाटा असतो, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पायऱ्या चढतानाच तो लोकांना सांगून ठेवतो, वर नुसतं बघा, वर महाग आहे, खाली तेच स्वस्त मिळेल. त्याच्या भाषेतलं मला फारसं येत नाही. पण 'तेच' हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकलाय, तो मला झोपेतही कळेल.

चार महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ आमचं दुकान सोडून काचवाल्याकडे विक्रीला लागला. त्याचं लग्न झालंय, घरात वर्षाची मुलगी आहे. मला जायचंय म्हणाला, मी म्हटलं जा. खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा साफ होता. बाबांनी माझ्या दात्यांना नावं ठेवली तशी त्याच्या दात्यांना कधी ठेवली नाहीत. म्हणून तो गेला त्याचा राग जास्त होता, पण तो मी गिळला होता.

तर तो डबा घेऊन मी खाली गेले.

दुकानात तेव्हा बसची माणसं नव्हती. धाकटा फण्यांच्या फळीपाशीच होता, डबे रचत. एकावर एक, एकावर एक, बाबा, बाबा, बाबा. भिंतभर बाबा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने माझ्या हातातला डबा बघितला आणि मागे वळून बघितलं. "ताई, इथे नको."

"मग कुठे? बाप डब्यात घालून तू इथे विकतोयस. बोलायला मी बुरुजावर जाऊ?"

"हळू बोल. माझी नोकरी आहे."

"फोटो कोणी दिला यांना? तूच ना?"

त्याच्या गळ्यात दुकानाचा निळा पट्टा होता, त्यावर हसरा फोटो. हा माझा भाऊ हसताना फोटोत येतो हे मला तेव्हा कळलं.

काचवाला आतून आला. आवाज चढवणं त्याला माहीतच नाही. त्याची चीड येते ती यामुळेच. "बसा ना ताई. पाणी घ्या."

"मी पाणी प्यायला आले नाही. माझ्या वडिलांचं तोंड तुमच्या डब्यावर कसं आलं ते सांगा."

त्याने गल्ल्याखालचा खण उघडला, एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. छायाचित्र वापरण्यास माझी हरकत नाही, असं लिहिलेलं, खाली सही. बाबांची सही मी ओळखते. शेवटचं अक्षर ते नेहमी कागदाबाहेर पळाल्यासारखं लांबवतात.

"मी त्यांना वाचायला दिलं," काचवाला म्हणाला. "कानात वाचूनही दाखवलं. उजव्या."

मी कागद परत सरकवला. तरी मी म्हटलं, "या डब्यात आमच्या फण्या नाहीत. खोटं आहे हे."

"डब्यावर कुठे लिहिलंय आत तुमच्या फण्या आहेत म्हणून? तीन पिढ्यांचं हातकाम, असं लिहिलंय. ते तुमच्याकडे आहेच की." मग तो जरा पुढे झुकला. "तुमची फणी चांगली आहे, ताई. माझी बायको तुमचीच वापरते. पण इथे येतात त्यांना फणी नको असते. तुम्हाला भेटल्याची आठवण हवी असते. ती फणीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते."

"मग आठवण मोडली की माझ्या दारात का येते?"

"मोडली तर माझ्याकडे पाठवा. बदलून देऊ," तो म्हणाला. जसं काही माझंच काम हलकं करत होता.

मी धाकट्याकडे बघितलं. तो डबे रचत होता.

दोनशे पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही. टोपलीवाल्या मावशीने हाक मारली, मी ओ दिली नाही. दुकानात शिरले तेव्हा बाबा कानस बाजूला ठेवून हात मांडीवर घेऊन बसले होते. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं, सकाळपासून.

"सही तुमची आहे?" मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं.

"आहे."

"डब्यात काय भरणार ते माहीत होतं?"

"माझा कान गेलाय, थोरले. अक्कल नाही गेली."

मला त्यांनी ओरडावं असं वाटत होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. ते ओरडले नाहीत.

"बेचाळीस वर्षं मी या खिडकीत बसलोय," ते म्हणाले. "दिवसाला किती जण माझा फोटो काढतात, मोजलेस कधी? मान इकडे करा म्हणतात. करवत उचला म्हणतात. उजेडाकडे वळा. मी वळतो. मग फणीची किंमत विचारतात, हसतात आणि जातात. माझं तोंड जगभर फुकट फिरतंय. या माणसाने निदान विचारलं, तू वखारीत गेली होतीस तेव्हा इथे वर येऊन. खुर्चीत बसवलं, चहा मागवला. धाकट्याला कामाला ठेवतो म्हणाला, ठेवला."

"धाकट्याला त्याने तुमच्या तोंडासाठी ठेवला?"

"मग काय त्याच्या तोंडासाठी?"

"आणि मी? मी इथे दाते पाडत बसलेय ती कोण? मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस जे आता करते आहेस. आणि ते पोरगं घरी बसलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "दिवसाला चार फण्या, थोरले. त्यातली विकली जाते एक. कधी तीही नाही. दोन घरं त्यावर कशी चालायची, ते तू सांग. माझ्याकडे तरी विकायला काय राहिलं होतं?"

सही करणाऱ्या माणसाला खलनायक करता आलं असतं तर बरं झालं असतं. समोर बसला होता तो माझा बाप, थरथरणारी बोटं एकमेकांत अडकवून.

मी ती तुटकी फणी त्यांच्या तळहातावर ठेवली. "निदान आपल्या नावावर काय खपतंय ते तरी बघा."

त्यांनी ती तोवर हातात घेतलेली नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. डबा त्यांनी पाहिला असेल, फणी नाही. त्यांनी ती उजेडात धरली. अंगठा दात्यांवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मोडलेल्या बुंध्याला नख लावलं, तसा तिथला भुगा पडला.

"यात तंतूच नाही," ते म्हणाले. "भुसा दाबून फळी केलीय. आणि हे दाते नाहीत. नुसत्या फटी पाडल्यात."

"हो."

"कडा बघ. धार आहे. केस कापेल ही."

"हो, बाबा."

"ती बाई काय म्हणाली?"

"तुम्ही केली म्हणाली."

"ही? मी?"

"झाकणावर तुमचं तोंड आहे. तिचं काय चुकलं?"

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी मी फळी आडवी कापली होती तेव्हा झाल्या होत्या तशा. आठवण, भेट, फोटो, यातलं काही त्यांना लागलं नव्हतं. कोणा एका परक्या बाईने त्यांना भिकार काम करणारा समजून बोट रोखलं, ते लागलं.

"माझ्या चपला दे," ते म्हणाले.

वर्षभरात ते पायऱ्या उतरले नव्हते. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला, दर दहा पायऱ्यांना थांबत आम्ही खाली आलो. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. तीनची बस आलेली होती आणि आम्ही काचवाल्याच्या दुकानात शिरलो तेव्हा आत चाळीस-एक माणसं होती.

आधी एका मुलीने बाबांना ओळखलं. तिने भिंतीवरच्या डब्यांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि आईची बाही ओढली. मग सगळेच वळले. पाचेक मिनिटं नुसते फोटो. बाबांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहत होती आणि बाबा कुणाच्याही कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. धाकटा गल्ल्यामागे पांढराफटक उभा. काचवाला मात्र खूश; त्याला वाटलं, बाबा आपण होऊन आले.

एका उंच बाईने डबा हातात घेऊन बाबांना काही विचारलं. छत्रीवाल्याने पुढे होऊन आमच्या भाषेत सांगितलं, "आजोबा, विचारतायत, ही तुम्ही केली का."

"नाही," बाबा म्हणाले. चांगलं मोठ्याने.

छत्रीवाला बाईकडे वळला आणि हसत त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला. बाईने खूश होऊन मान डोलावली आणि आणखी एक डबा घेतला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती दोन वाक्यं मला कळली नव्हती आणि कळायची गरजही नव्हती. मी बाईच्या हातातला डबा उघडला, फणी काढली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"मशीन," मी म्हटलं.

हा शब्द सगळीकडे एकच आहे. बाईचं हसू अडलं. छत्रीवाला मध्ये आला, "अहो, काय करताय," म्हणत माझं मनगट धरायला लागला. मी हात सोडवला. अंबाडा सोडला आणि ती फणी स्वतःच्या केसांत घातली. माझे केस दाट आहेत आणि पायऱ्या उतरताना वाऱ्याने विस्कटले होते. दुसऱ्यांदा फिरवताच फणी अडकली. मी ओढली. दाता तुटल्याचा आवाज पहिल्या रांगेला तरी नक्की ऐकू गेला. मग बाबांनी सदऱ्याच्या खिशातून त्यांची स्वतःची फणी काढली, वापरून काळी झालेली, आणि माझ्या हातात दिली. ती मी मुळापासून टोकापर्यंत ओढली.

"हात," मी म्हटलं, आणि बाबांचा हात धरून वर केला. तो थरथरत होता. "मशीन. हात. मशीन. हात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एकाने तर पुन्हा करून दाखवा अशी खूण केली, त्याचं चित्रीकरण हुकलं होतं. माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा तेच समजेना. तीच उंच बाई तेवढी हसत नव्हती. तिने दोन्ही डबे फळीवर परत ठेवले. तिचं बघून आणखी चार-पाच जणांनी ठेवले. बाकीच्यांनी घेतले. त्यांच्याकडे आता डबाही होता, म्हाताराही होता आणि भांडणही.

काचवाल्याने तेव्हाही आवाज चढवला नाही. धाकट्याकडे वळून म्हणाला, "घेऊन जा यांना. आणि तूही परत येऊ नकोस."

धाकट्याने गळ्यातला पट्टा काढून गल्ल्यावर ठेवला. बाबांना पायऱ्या चढवून आणायला त्याने दुसऱ्या बाजूने खांदा दिला. बाबांना खुर्चीत बसवल्यावर म्हणाला, "झालं समाधान?"

"तू त्या भिंतीसमोर रोज कसा उभा राहत होतास?" मी विचारलं.

"मुलीचं तोंड बघून. तुला नाही कळायचं." आणि मग जे इतकी वर्षं बोलला नव्हता ते बोलला. "तू इथे उपाशी राहून ताठ मानेने बसतेस, ताई, कारण तुझ्या मागे कोणी नाही. तुझा ताठा आम्हाला परवडत नाही."

तो गेला. बाबांनी कानस उचलली, पण चालवली नाही.

पुढच्या आठवड्यात छत्रीवाल्याने बसची वाट बदलली. बुरुजाला मागून एक गाडीरस्ता जातो. लोकांना तिकडून वर सोडायचं आणि तिकडूनच खाली काचवाल्याकडे आणायचं. आमच्या पायऱ्यांवर कुत्रं फिरकेना. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मग टोपलीवाल्या मावशीने मला तिच्या दुकानात बोलावलं. गेले तर तिथे सगळी गल्ली बसलेली.

"जाऊन माफी माग," घंटावाले काका म्हणाले. "त्या दोघांची. दोन शब्द बोलायचे, त्यात काय झिजतं?"

"कशाची माफी? खरं बोलल्याची?"

"खरं काय ते आम्हाला नको सांगूस," मावशी म्हणाली. तिने दाराकडच्या फळीवरून एक टोपली ओढली आणि माझ्या मांडीवर टाकली. गुळगुळीत, एकसारखी, काड्या मापात कापलेल्या. "ही माझी वाटते तुला? पुढच्या फळीवर सगळ्या मशीनच्या आहेत. दोन वर्षं झाली. मी विणलेल्या मागच्या फळीवर असतात, कोणी जाणकार आला तर. हे दुकान चालतंय ते कशावर? काकांच्या घंटा कुठून येतात, विचार त्यांना."

काकांनी विचारायची वेळ आणली नाही. ते जमिनीकडे बघत होते.

मला वाटत होतं की या पायऱ्यांवर आम्ही अकराजण एका बाजूला आहोत आणि काचवाला दुसऱ्या. मी आंधळी होते. खोकी वरही येत होती, फक्त मागच्या दाराने.

"मी माफी मागणार नाही," मी म्हटलं. "तुम्हाला मागायची तर माझ्या नावाने मागा. सांगा, थोरलीचं डोकं फिरलंय."

त्यांनी तेच केलं असणार, कारण पुढच्या सोमवारी बस पुन्हा पायऱ्यांखाली थांबली. छत्रीवाला आमच्या दुकानाशी आला की लोकांना समोरच्या भिंतीवरची जुनी कोरीव दगडी चौकट दाखवतो. सगळे आमच्याकडे पाठ करून उभे राहतात.

काचवाल्याने डबाही बदलला. आता झाकणावर दुसराच म्हातारा आहे. कोण आहे कोणास ठाऊक. दाढी पांढरीशुभ्र, सुरकुत्या बाबांपेक्षा जास्त, हात अगदी स्वच्छ. करवत त्याने उलटी धरलीय. खप कमी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

महिन्याभराने खालच्या गावातली एक बाई वर आली. तिचं केस कापायचं पार्लर आहे. दुकानातला तो प्रकार कोणीतरी फोनवर फिरवला होता, तिने पाहिला होता. तिला माझं भाषण नको होतं. ती बाकाशी बसली, एकेक फणी स्वतःच्या केसांत घालून बघितली, वास घेतला, दोन बोटांत धरून वाकवली. सहा घेऊन गेली. कोणी आमच्या फणीकडे असं बघून किती वर्षं झाली होती, मला आठवेना. मी मनातल्या मनात फुशारले.

दहा दिवसांनी तिने दोन परत आणल्या.

"कुरळ्या केसांना या चालत नाहीत," ती म्हणाली. "दाते जवळजवळ आहेत. आणि टोकं जाड आहेत, डोक्याला टोचतात."

"आमच्याकडे तीन पिढ्या अशीच करतात," मी म्हटलं. बोलल्याबरोबर मला त्या वाक्याची किळस आली. ते डब्यावरचं वाक्य होतं.

"असतील करत," ती म्हणाली. "माझ्याकडे बायका ओरडतात."

ती गेल्यावर मी त्या दोन फण्या भिंतीवर फेकणार होते. बाबांनी हात पुढे केला. अंगठा टोकांवरून फिरवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं. टोकं आखूड बुद्धीची आहेत. मी तुला दहा वर्षं सांगतोय." आणि त्यांनी कानस मागितली.

आम्ही दोघं त्या दिवशी खूप भांडलो. दात्याच्या जाडीवरून, अंतरावरून, टोक कुठून निमुळतं करायचं त्यावरून. विरळ, लांब दात्यांच्या पहिल्या दोन फण्या मोडल्या. तिसरी टिकली. पण असे लांब दाते पाडायला आमच्या साठ्यातलं लाकूड पुरेसं सरळ नव्हतं. त्यासाठी वखारीत जावं लागलं, आणि वखारीत हल्ली धाकटा काम करतो.

मला बघून त्याने तोंड फिरवलं. मालकाने त्यालाच माझ्याकडे पाठवलं, तेव्हा आला. काय हवंय ते मी सांगितलं. त्याने थप्पीतून फळ्या ओढायला सुरुवात केली. प्रत्येक फळीच्या टोकाला डोळा लावून तो लांबीभर बघत होता. तीन काढल्या. चौथीत गाठ होती, ती त्याने बाजूला टाकली. पाचवी मी उचलली तर म्हणाला, "ती नको, पीळ आहे."

मी ठेवली.

"बाबा कसे आहेत?" त्याने फळीकडे बघत विचारलं.

"चिडलेले."

"मग बरे आहेत."

तो हसला नाही, मीही नाही. त्याने सहा फळ्या दोरीने बांधल्या, गाठ मारली, ओढून बघितली. वर आणून देतो असं तो म्हणाला नाही, आणि मी सांगणार नव्हते. मोळी खांद्यावर घेऊन मी वखारीच्या फाटकातून बाहेर पडले. समोरून तीनची बस येत होती.